पोर्ट पुढं आला म्हणून स्पीकर कोनाड्यात चालतो का?

ध्वनियंत्रांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. घर जुनं, मंगळुरी कौलांचं. बैठकीची खोली बारा बाय दहा फूट. एलॅक कंपनीच्या डेब्यू बी५ या छोट्या स्पीकरांची जोडी काही वर्षांपासून माझ्याकडं आहे. पुण्याचा भाचा म्हणतो, "मामा, त्याची सुधारित बी५.२ घ्या. पोर्ट (खर्जासाठी खोक्याला ठेवलेलं भोक) मागून पुढं आणलाय, सरळ भिंतीतल्या कोनाड्यात बसवा आणि जुनी विकून टाका." मी मुख्यतः ख्याल आणि नाट्यपदं ऐकतो. पेन्शनमधले पैसे घालायचे, तर नवी जोडी खरंच चांगली आहे हे ठरवायचं कसं? आणि कोनाड्याचं काय? (निपाणी)

उत्तर : गुरुजी, नमस्कार. भाच्याचं निम्मं बरोबर आहे. कुठलं निम्मं, ते मला नेमकं सांगता येईल, कारण या दोन्ही जोड्या माझ्या बेळगावातल्या शहापूरच्या वर्कशॉपमध्ये काही दिवस शेजारी शेजारी होत्या. नवी एका गिऱ्हाइकाची, जुनी धारवाडच्या मित्राची.

आधी कागदावरचं. जर्मनीतल्या कील शहरात १९२६ साली सुरू झालेल्या या कंपनीनं २०१५ मध्ये अँड्र्यू जोन्स यांच्याकडून डेब्यू ही कमी किमतीची मालिका करून घेतली. जोन्स यांनी त्याआधी पायोनियरसाठीही असेच स्वस्त आणि नावाजलेले स्पीकर केले होते. तुमची बी५ अमेरिकेत २३० डॉलरला जोडी अशी बाजारात आली. २०१८ मध्ये मालिका नव्यानं रचली गेली, त्यातली ही बी५.२. पोर्ट मागच्या बाजूनं पुढं, खालचे स्वर वाजवणाऱ्या वूफरच्या खाली आडव्या फटीच्या रूपात आला. खोकं सुमारे २० सेंटिमीटर रुंद होतं, ते १८ झालं, उंची थोडी वाढली. वूफर पूर्वीसारखाच सव्वापाच इंची आणि ॲरमिड धाग्याचा, पण त्याची रचना नवी. वरचे स्वर वाजवणारा ट्वीटर नवा, त्याच्या भोवतीची वाटी नवी. संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच विजेत निघणारा आवाज, ८५ डेसिबलवरून ८६ झाली. खालची मर्यादा मात्र कंपनी दोन्हींना ४६ हर्ट्झच सांगते. हा आकडा भाच्याला जरूर दाखवा. पोर्ट पुढं आणल्यानं खर्ज कागदावरसुद्धा खोल गेलेला नाही.

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो बदल बाहेरून दिसतच नाही. वूफर आणि ट्वीटर यांच्यात आवाजाची वाटणी करणारा क्रॉसओव्हर पूर्वी ३००० हर्ट्झवर होता, आता २२०० वर आहे. सव्वापाच इंची वूफरचा हलणारा पडदा साधारण ११ सेंटिमीटरचा असतो, आणि ३१०० हर्ट्झच्या ध्वनीची लहरही तेवढीच लांब असते. लहर पडद्याइतकी आखूड झाली की वूफर आवाज चहूकडं पसरवायचा थांबतो आणि टॉर्चच्या झोतासारखा फक्त समोर फेकायला लागतो. त्याच्या लगेच वरच्या पट्ट्यात इंचभराचा ट्वीटर आवाज पुन्हा सगळीकडं पसरवतो. बरोबर समोर बसलेल्याला यातलं काही जाणवत नाही, पण बाजूला बसलेल्याला आवाजात मध्येच खड्डा पडलेला ऐकू येतो. तोही २००० ते ४००० हर्ट्झच्या भागात, जिथं माणसाचा कान सगळ्यांत तीक्ष्ण असतो आणि बंदिशीतले 'स', 'च', 'त' ठसठशीत होतात. आपल्या घरात दोन स्पीकरांच्या मधोमध खुर्ची टाकून बसतं कोण? एक जण झोपाळ्यावर असतो, एक जण उंबऱ्यापाशी शेंगा फोडत असतो. वाटणी खाली आणून ट्वीटरला जास्त काम दिलं, हे या सगळ्यांच्या सोयीचं झालं. पोर्टची जागा माझ्या लेखी त्यानंतर येते.

आता कानावरचं. तुलना करायची ती एका नियमानं : दोन्हींचा आवाज सारखा मोठा हवा. एखाद्या डेसिबलचा फरक कानाला 'मोठा' असा कळतच नाही, तो 'छान', 'मोकळा', 'जिवंत' असा कळतो. या दोन जोड्यांत तर कागदावरच एका डेसिबलचा फरक आहे, म्हणजे व्हॉल्यूमचं बटण न हलवता तारा बदलल्या की नवी जोडी आपोआप जिंकणार. दुकानात नेमकं हेच घडतं. पिंक नॉइज वाजवा (सगळे स्वर मिसळलेला एकसारखा खळखळाट, मोबाइलवर कुठंही मिळतो), बसायच्या जागी फोन ठेवून ध्वनी मोजणाऱ्या ॲपवर आकडा बघा आणि दुसऱ्या जोडीला तोच आकडा येईपर्यंत बटण फिरवा. ॲपचा आकडा खरा असायची गरज नाही, दोन्ही वेळा सारखा आला की झालं.

दुसरं, बघू नका. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तेच स्पीकर लोकांना एकदा पडद्याआड ठेवून आणि एकदा डोळ्यांसमोर ठेवून ऐकवले होते. दिसू लागल्यावर पसंती बदलली, मुरलेल्या ऐकणाऱ्यांचीसुद्धा. मी पातळ मलमलीचं कापड दोरीवर टांगलं आणि शेजारच्या मुलाला तारा बदलायला बसवलं. कुठली जोडी चालू आहे हे त्यानं शेवटपर्यंत सांगायचं नाही, एवढंच त्याला बजावलं होतं.

काय ऐकायचं याची आपल्याकडं ददात नाही. कुमार गंधर्व जन्मले ते आपल्या सुळेभावीत, मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल शेजारच्या धारवाडचे. पण गळ्याच्याही आधी तानपुरा ऐका. मिरजेच्या चांगल्या तानपुऱ्याइतकी कठोर परीक्षा स्पीकरची दुसरं कुठलंही वाद्य घेत नाही, असं माझं ठाम मत आहे. गायकाची पट्टी काळी एक धरली, तर तानपुऱ्याच्या मधल्या जोडीच्या तारा १३८ हर्ट्झच्या आसपास, पंचमाची १०४ आणि खर्जाची ६९. जवारीतून, म्हणजे तारेच्या झंकारातून, निघणारे वरचे स्वर मात्र कित्येक हजार हर्ट्झपर्यंत चढत जातात. म्हणजे एकाच छेडीत स्पीकरची सगळी उंची मोजली जाते. खर्ज कुठं संपतो, जवारी कुठं सुरू होते, वूफरकडून ट्वीटरकडं जाताना आवाजाला सांधा ऐकू येतो का, हे डोळे मिटून ऐका. आणि एक गोष्ट यातून मनाला निवांत करते : खर्जाची तार ६९ वर आणि डग्ग्याची घुमारही साधारण त्याच आसपास, म्हणून ४६ पर्यंत जाणारा छोटा स्पीकर आपल्या संगीताला पुरतो. अगदी खालच्या स्वरांसाठीच्या वेगळ्या सबवूफरचा खर्च ख्याल ऐकणाऱ्यानं करू नये.

माझ्या खोलीत काय ऐकू आलं ते सांगतो. जुन्या जोडीत जवारी जरा दबलेली, तानपुरा गायकाच्या मागं चार पावलं सरकलेला. पुरुषाचा आवाज भरदार, पण किंचित कोंदलेला. नव्या जोडीत तानपुरा सुटा झाला, तारांचा क्रम कळू लागला, बंदिशीचे शब्द पहिल्या झटक्यात समजले. मी उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो, तर जुन्या जोडीचा आवाज तिथं मंद झाला. नवीचा जवळजवळ तसाच राहिला, आणि हा फरक मला सगळ्यांत मोठा वाटला. गंगूबाईंच्या भारदस्त आवाजाला दोन्हींनी न्याय दिला, तिथं मला निवड करता आली नाही. विलंबित एकतालातला डग्गा मात्र मला जुन्या जोडीवरच जास्त आवडला. नव्या जोडीत तो नेटका आहे, जुन्यात त्याला थोडं अंग आहे. कापड बाजूला केल्यावरही हे मत बदललं नाही.

आता कोनाडा. पोर्ट पुढं आहे म्हणून स्पीकरला भिंतीचं भान नाही, ही समजूत फार पसरली आहे. १०० हर्ट्झची लहर जवळपास साडेतीन मीटर लांब असते. एवढ्याशा खोक्याला वळसा घालून ती मागं जातेच, मग पोर्ट कुठंही असो. भिंत जवळ आली की खालचे स्वर फुगतात. कोपऱ्यात आणखी फुगतात. शिवाय मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज समोरून निघालेल्या आवाजाला एका विशिष्ट स्वरावर खोडून काढतो. स्पीकरच्या दर्शनी फळीपासून भिंतीपर्यंतचं अंतर ज्या लहरीच्या पाव भागाएवढं असेल, तो स्वर पडतो. या स्पीकरची खोली सुमारे २३ सेंटिमीटर. त्यामागं चार बोटं जागा सोडली की अंतर झालं ३० सेंटिमीटर, आणि खड्डा आला २८५ हर्ट्झच्या आसपास. काळी एकचा तार षड्ज २७७ वर असतो, दायाँ तबलाही तिथंच मिळवलेला असतो. पुष्कळ घरांत 'तबला पातळ वाजतो' ही तक्रार स्पीकरची नसते, त्या चार बोटांची असते.

मग भाच्याचं निम्मं बरोबर ते हे : कोनाड्यात स्पीकर असा बसवला की दर्शनी फळी भिंतीच्या पातळीत आली, तर मागची भिंतच उरत नाही आणि हा खड्डा जातो. भोवतालची पोकळी मात्र जुनी वाकळ किंवा कापूस घालून भरावी लागते, नाहीतर कोनाडा स्वतःच घुमतो. पोर्ट मागं असलेल्या तुमच्या जोडीला हे करता येत नाही, वाकळीनं पोर्टच बुजतो. पुढच्या पोर्टला करता येतं. त्यानंतर ॲम्प्लिफायरचं बेस बटण बरंच खाली घ्यावं लागेल, कारण हा स्पीकर मोकळ्या जागेत उभा राहील असं धरून त्याचा आवाज जुळवलेला आहे आणि भिंतीत बसवला की खालचा भाग जाड होतो. तुमच्या ॲम्प्लिफायरला बेसचं बटणच नसेल तर कोनाड्याचा विचार सोडा. स्पीकर नुसता आत सरकवून पुढं वीतभर फळी मोकळी ठेवणं, हा तर सगळ्यांत वाईट प्रकार.

तुमच्या जागी मी असतो तर नव्या जोडीआधी स्टँड केले असते. तुमच्याकडं जो वेल्डिंगवाला असेल तो चौकोनी पाइपचे करून देईल, आमच्या उद्यमबागेत तर गल्लोगल्ली होतात. पाइपात कोरडी चाळलेली वाळू भरा, वरच्या पत्र्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे ठेवून त्यावर स्पीकर. ट्वीटर कानाच्या उंचीला यायला हवा : खुर्चीवर बसून ऐकत असाल तर स्टँड सुमारे ७० सेंटिमीटर, सतरंजीवर बसून ऐकत असाल तर ५०. मग तानपुरा लावून स्पीकर भिंतीपासून थोडा थोडा पुढं घेत जा. खर्ज फुगलेला नाही आणि षड्ज सगळ्या सप्तकांत सारख्या वजनाचा वाटतो, तिथं थांबा. एवढं झाल्यावरही जवारी दबलेली वाटली आणि घरात चार माणसं चार कोपऱ्यांत बसून ऐकत असतील, तर नवी जोडी घ्या. तुमच्या पेन्शनचे पैसे वाया जाणार नाहीत. त्या खोलीत एकटेच आणि समोर बसून ऐकत असाल तर मात्र जुनी विकू नका.

प्रश्न : मी गाणं शिकते, पट्टी काळी चार. रियाजाला मोबाइलमधला तानपुरा लावते, पण तो किरकिरा वाटतो. छोटे स्पीकर घ्यावेत का? आमच्याकडं पावसाळ्यात भिंतींना पाणी सुटतं, कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते. अशा घरात ही वस्तू टिकेल का? (खानापूर तालुका)

उत्तर : ताई, जरूर घ्या. तुमच्या पट्टीत षड्ज २०८ हर्ट्झच्या आसपास आणि खर्जाची तार १०४ वर. मोबाइलचा इवलासा स्पीकर तिथवर उतरतच नाही. कान वरच्या स्वरांवरून खर्जाचा अंदाज बांधतो, म्हणून सूर कळतो, पण आधार मिळत नाही. सव्वापाच इंची वूफरला १०४ हर्ट्झ म्हणजे अगदी हातातली गोष्ट. रियाजासाठी दोनपैकी एकच स्पीकर लावला तरी चालेल. तो तुमच्या मागं, थोडा बाजूला, आणि स्वतःचा गळा स्पष्ट ऐकू येईल इतक्या लहान आवाजात ठेवा. मोठ्या तानपुऱ्याच्या आड बेसूरपणा लपतो आणि महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

ओलीचं म्हणाल, तर हा प्रश्न खानापूर आणि जांबोटीकडच्या घरांना आहेच. या किमतीतली खोकी लाकडाचे तंतू दाबून केलेल्या एमडीएफ फळीची असतात. वरच्या विनाइलमधून पाणी शिरत नाही. ते शिरतं जिथं फळीची कड उघडी असते तिथून : तळाच्या कडा, स्क्रूची भोकं, मागच्या जोडणीची खाच. तिथं एकदा फुगलेली फळी पुन्हा बसत नाही. स्पीकर जांभ्या दगडाच्या बाहेरच्या भिंतीला लावू नका, आतल्या भिंतीला ठेवा, आणि जमिनीवर तर नकोच. झाकायला सुती कापड घ्या. प्लास्टिकची पिशवी घातली की आतच घाम धरतो. ट्वीटरचा कापडी घुमट ओल्या फडक्यानं पुसू नका, बोटही लावू नका. धूळ बसली तर मऊ कोरड्या ब्रशनं हलकेच.

आणखी एक, जे पुस्तिकेत लिहिलेलं नसतं. कुंभारीण माशीला स्पीकरचा पोर्ट फार आवडतो. ती आत मातीचं घर करते, मग आवाज खरखरतो आणि दोष वूफरवर जातो. रियाज संपला की पोर्टमध्ये स्पंजचा बोळा बसवून ठेवा, सकाळी काढा. झुरळंही त्यानं बाहेर राहतात.

प्रश्न : मी उद्यमबागेत लेथवर काम करतो. स्पीकरवर १२० वॉट लिहिलंय. दुकानदार म्हणतो १२० वॉटचाच ॲम्प्लिफायर लागेल. माझं बजेट तेवढं नाही. (बेळगाव)

उत्तर : लागत नाही. १२० हा आकडा स्पीकर जास्तीत जास्त किती सोसेल याचा आहे. तुमच्या खोलीचा हिशेब असा करा. ८६ डेसिबलचा स्पीकर एक मीटरवर साधारण सव्वा वॉटमध्ये ८६ डेसिबल देतो. अडीच मीटर मागं बसलात की त्यातले ७-८ कमी होतात, दोन स्पीकर आणि खोलीच्या भिंती मिळून ३ च्या आसपास परत देतात. २० वॉट दिले की पुन्हा १२ चढतात. म्हणजे बसल्या जागी नव्वदच्या पुढं गेलात, घरातलं बोलणं ऐकू येणार नाही इतका आवाज. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणून ६० चा १२० करायला दिलेले पैसे कानाला फारसे कळत नाहीत.

६ ओहमच्या स्पीकरवर चालेल असा, खरे ४०-५० वॉट देणारा ॲम्प्लिफायर घ्या. 'खरे' यासाठी म्हणतो, की डब्यावर मोठ्या अक्षरात काहीही छापलेलं असतं. मागच्या बाजूला किती ओहमला आणि किती टक्के विकृतीसह किती वॉट, असं लिहिलेलं असेल तोच आकडा धरा. छोटा ॲम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळून वाजवू नका. आवाज फाटायला लागला की पहिला बळी ट्वीटरचा जातो, आणि माझ्याकडं दुरुस्तीला येणारे बहुतेक जळके ट्वीटर असेच गणपतीच्या नाहीतर लग्नाच्या दिवसांतले असतात.

प्रश्न : नवी जोडी घेतली, आवाज मनाला येत नाही. विकणारा म्हणतो, १०० तास वाजवल्याशिवाय खुलत नाही, तोवर थांबा. (भालकी, जि. बिदर)

उत्तर : वूफरच्या कडेचं रबर आणि आतली स्प्रिंगसारखी जाळी पहिल्या काही तासांत थोडी सैल होते, हे खरं. त्यानं खालच्या स्वरांत किंचित फरक पडतो. कर्कश आवाज त्यानं गोड होत नाही. शंभर तासांनंतर बरं वाटू लागतं ते बहुतेक वेळा आपला कान सरावल्यामुळं. आधी एक गोष्ट तपासा : दोन्ही स्पीकरांच्या तारा सारख्याच, लाल लालला आणि काळी काळ्याला जोडल्या आहेत का. एका बाजूची उलटी झाली तर गायक मधोमध उभा राहत नाही आणि डग्गा नाहीसा होतो. तारा बरोबर असतील आणि तरीही मन लागत नसेल, तर बिलावरची परतीची मुदत बघा. ती शंभर तासांच्या आत संपत असेल तर थांबू नका, जोडी परत करा.